बॅटचा वेग येतो कुठून?

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या पायाखालची रबरी पट्टी आणि बॅटरजवळची होमप्लेट यांच्यात ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर अंतर असते. १८९३ पासून ते बदललेले नाही. बदलला तो चेंडूचा वेग. अमेरिकेच्या मेजर लीगमधले पिचर आज ताशी १५० किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू टाकतात, आणि चेंडू हातातून सुटतो तोही पट्टीच्या पाच-सहा फूट पुढे. बॅटरच्या वाट्याला त्यामुळे जेमतेम चार दशांश सेकंद येतो. त्यातला सुमारे १५ शतांश सेकंद बॅट खांद्याजवळून चेंडूपर्यंत आणण्यात खर्च होतो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू दिसला पाहिजे, तो कसा येतो आहे हे ओळखले पाहिजे आणि मारायचा की सोडायचा ते ठरले पाहिजे.

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मोठा आणि जड असतो. बेसबॉलचा घेर नऊ-सव्वानऊ इंच, तर सॉफ्टबॉलचा बारा इंच. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, सॉफ्टबॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा. तो खालून हात फिरवून टाकला जातो, म्हणून हा खेळ सोपा असावा असे वाटते. पण वरच्या पातळीवर पिचर फक्त ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर उभी असते आणि चेंडू ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाने येतो. वेळेचा हिशेब बेसबॉलइतकाच कडक, काही वेळा त्याहूनही कडक निघतो. २००४ मध्ये एका प्रदर्शनी सामन्यात अमेरिकेच्या जेनी फिंचने अल्बर्ट पुहोल्ससारख्या मेजर लीगच्या नामांकित बॅटरला बाद केले, ते याच हिशेबामुळे. बेसबॉलच्या चेंडूला सरावलेल्या त्याच्या डोळ्यांना आणि हातांना तो चेंडू ओळखता आला नाही.

अशा खेळात बॅट फिरवण्याचा वेग दोन प्रकारे उपयोगी पडतो. फटका जोरात बसतो, हा एक फायदा. बॅट चेंडूपर्यंत लवकर पोहोचत असेल तर चेंडू क्षणभर अधिक पाहता येतो, हा दुसरा. हे दोन्ही गुण नेहमी एकत्र येतातच असे नाही. काही खेळाडू बॅट मोठ्या वळणाने आणतात. टोकाला तिचा वेग प्रचंड असतो, पण तिथवर यायला तिला वेळ लागतो. काहींची बॅट आखूड वाटेने झटकन पोहोचते, मात्र जोर कमी असतो. या लेखात ‘स्विंग’ हा शब्द बेसबॉलच्या अर्थाने घेतला आहे. क्रिकेटमध्ये हवेत वळणाऱ्या चेंडूला स्विंग म्हणतात. इथे बॅट फिरवण्याची सबंध क्रिया म्हणजे स्विंग.

बॅट आणि चेंडू एकमेकांना भिडलेले असतात तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो. इतक्या थोड्या वेळात चेंडू चेपतो, थांबतो आणि उलट दिशेने उसळतो. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटेल याचे एक सोपे गणित इलिनॉय विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांनी लोकप्रिय केले. फटका बॅटच्या उत्तम जागी बसला असे धरले, तर लाकडी बॅटसाठी ते साधारण असे मांडता येते: बॅटच्या वेगाची सव्वापट आणि येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा पाचवा हिस्सा यांची बेरीज. नेमका गुणक १.२ च्या आसपास असतो. बॅट ताशी ११६ किलोमीटरने फिरत असेल आणि चेंडू प्लेटपाशी १४० किलोमीटर वेगाने आला असेल, तर परतीचा वेग सुमारे १६७ निघतो. चेंडू तोच ठेवून बॅटचा वेग १२१ केला, तर तो १७३ होतो. ‘वेगवान चेंडू आपल्याच जोरावर लांब जातो’ ही समजूत या गणितात टिकत नाही. येणाऱ्या चेंडूचा वाटा लहान आहे, बॅटचा त्याच्या पाच-सहा पट. बॅटचा वेग ताशी एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटरने वाढला, तर उंच मारलेला चेंडू साधारण सहा फूट अधिक लांब जातो. मैदानाच्या कुंपणाजवळ पकडला जाणारा झेल आणि कुंपणापलीकडे जाणारा होमरन यांच्यात अनेकदा एवढेच अंतर असते.

हा वेग मोजता येऊ लागला, ही या विषयातली अलीकडची सर्वात मोठी घटना. क्रिकेटमध्ये पायचीतच्या निर्णयासाठी वापरली जाणारी हॉक-आय कॅमेऱ्यांची यंत्रणा मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. तीच यंत्रणा मेजर लीगच्या मैदानांवर बॅटचा मागोवा घेते, आणि २०२४ च्या मे महिन्यापासून प्रत्येक बॅटरचे आकडे सर्वांसाठी खुले झाले. मोजणी बॅटच्या टोकापासून सहा इंच आतल्या जागेची होते, कारण उत्तम फटका साधारण तिथे बसतो. मेजर लीगची सरासरी ताशी ७२ मैल, म्हणजे ११६ किलोमीटरच्या आसपास आहे. ७५ मैल, म्हणजे सुमारे १२१ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाच्या स्विंगला ‘वेगवान’ म्हटले जाते. न्यूयॉर्क यँकीजच्या जियानकार्लो स्टँटनची सरासरी ताशी १३० किलोमीटरच्या घरात आहे. सगळ्या लीगमध्ये ती वेगळी उठून दिसते.

मग हा वेग येतो कुठून? मैदानाबाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हातातून. नवा खेळाडूही तसेच समजतो आणि दंड व मनगटे आवळून जोर लावतो. प्रत्यक्षात वेगाची सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून होते. संशोधक वेल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३९ व्यावसायिक बॅटरांच्या हालचालींचे मोजमाप प्रसिद्ध केले. या विषयावरच्या लिखाणात आजही त्याचा आधार घेतला जातो. पुढचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा बॅटर शरीराच्या वजनाच्या सव्वापट जोराने जमीन दाबत असतो. त्यानंतर कंबर फिरते. तिचा सर्वाधिक वेग सेकंदाला ७१४ अंश. खांदे तिच्या मागून येतात आणि ९३७ अंशांचा वेग गाठतात. हातांचा वेग ११६० अंशांपर्यंत जातो. बॅट शेवटी सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या पुढे पोहोचते.

हे आकडे ज्या क्रमाने चढत जातात, त्या क्रमातच सगळे मर्म आहे. गुराख्याचा आसूड आठवावा. मुठीकडचा जाड भाग आधी हलतो, मग थांबतो, आणि त्याची गती पुढच्या बारीक भागाकडे सरकते. शेवटी टोक इतक्या वेगाने जाते की हवेत कडाड आवाज उठतो. हात तेवढ्या वेगाने फिरलेला नसतो. बॅटरचे शरीरही तसेच चालते. मांड्या आणि कंबर हे जड भाग आधी गती घेतात, योग्य क्षणी मंदावतात, आणि आपली गती वरच्या, हलक्या भागांना देऊन टाकतात. मंदावणे इथे वेग घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पुढचा गुडघा वाकलेलाच राहिला तर शरीर पुढे वाहत जाते आणि गती वर चढत नाही. चांगल्या बॅटरचा पुढचा पाय फटक्याच्या वेळी खांबासारखा ताठ होतो. कंबर त्या पायाभोवती फिरते.

पाय टेकल्यानंतरचा क्षण सर्वांत मोलाचा असतो. कंबर पिचरकडे वळायला लागते, पण खांदे आणि हात अजून मागेच असतात. ओले धोतर पिळताना एक टोक एका दिशेला आणि दुसरे उलट दिशेला जावे, तसे धड पिळले जाते. पोटाच्या कडेचे आणि पाठीचे स्नायू आधी ताणले जातात आणि लगेच आकसतात. ताणलेला स्नायू जागच्या जागी आकसणाऱ्या स्नायूपेक्षा जास्त जोर देतो. टेड विल्यम्स हा बोस्टन रेड सॉक्सचा महान बॅटर फटक्याच्या शास्त्रावर लिहिताना कंबर आधी फिरली पाहिजे यावर भर देत असे. मोजमापाची साधने नसताना त्याने डोळ्यांनी आणि अनुभवाने जे ओळखले होते, ते पुढे प्रयोगशाळेत खरे ठरले.

कंबर आणि खांदे एकदमच फिरले, तर पीळ पडतच नाही. नवशिक्यांच्या स्विंगमध्ये हा दोष सर्वाधिक दिसतो, आणि बाजूने चित्रण करून सावकाश पाहिल्याशिवाय तो सहसा लक्षात येत नाही. दुसरा दोष हातांचा. बॅट सुरू होताच हात शरीरापासून लांब गेले, तर बॅट मोठ्या वर्तुळातून फिरते आणि तिला गती देणे जड जाते. हात छातीजवळ ठेवून, मागचे कोपर बरगडीच्या कडेने आणले, तर सुरुवातीचे वर्तुळ लहान राहते. बॅटचे टोक काही काळ मागे रेंगाळते आणि शेवटच्या टप्प्यात आपोआप पुढे झेपावते. इथे मनगटाने जोर काढायचा नसतो. मनगट मोकळे असले की झाले. बॅटच्या टोकाला मिळालेली गतीच त्याला उलगडते. मुठी आवळून धरणारा खेळाडू नेमका हा उलगडा अडवतो.

क्रिकेट खेळून आलेल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. सरळ बॅटने खेळण्याची सवय बेसबॉलमध्ये अडसर ठरते, पण आखूड टप्प्याच्या चेंडूवर पुलचा फटका ज्याला नीट जमतो, त्याच्या कंबरेला या हालचालीची ओळख आधीच असते. शिकवण्याची सुरुवात तिथून केली तर काम सोपे होते. फरक हा की पुलमध्ये बॅट अनेकदा वरून खाली येते. बेसबॉलचा चेंडू टप्पा न घेता किंचित खाली उतरत येतो, म्हणून त्याच्या वाटेवर राहायला बॅट थोडी वर चढती लागते. मेजर लीगच्या मोजणीत बॅट चेंडूला भिडताना ५ ते २० अंश वर चढत असेल तर तो कोन उत्तम मानला जातो.

शरीराइतकाच प्रश्न बॅटचा आहे. इथे वजन हा शब्द फसवा आहे. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरून फिरवून पाहावी, मग तीच उलटी करून पात्याजवळ धरून फिरवावी. वजन तेवढेच, पण दुसऱ्या वेळी ती पोरखेळ वाटते. वस्तूचे वजन मुठीपासून किती लांब पसरले आहे, यावर ती फिरवायला किती जड जाते हे ठरते. भौतिकशास्त्रात याला जडत्वाघूर्ण म्हणतात. बॅटच्या व्यवहारात ‘स्विंग वेट’ हा शब्द रूढ आहे. तराजूवर सारख्या भरणाऱ्या दोन बॅटींपैकी जिच्या टोकाकडे वजन जास्त, ती हळू फिरते. दुकानात बॅट हातात तोलून निवडणारा खेळाडू नकळत हेच तपासत असतो.

बॅट हलकी केली की वेग वाढतो, पण धडकेच्या वेळी चेंडूमागचे वस्तुमान घटते. जड बॅटमध्ये उलट होते. त्यामुळे या दोहोंत मेळ घालावा लागतो. बेब रूथ १९२० च्या दशकात ४० औंसांहून, म्हणजे सव्वाअकराशे ग्रॅमहून जड बॅट वापरत असे. विल्यम्सने हलकी बॅट पसंत केली. आज मेजर लीगमध्ये ३३-३४ इंच लांब आणि ३१ ते ३३ औंसांची, म्हणजे ९०० ग्रॅमच्या आगेमागे भरणारी बॅट सर्वसाधारण आहे. पिचरांचा वेग वाढला तशी बॅट हलकी होत गेली, हे अटळच होते.

हलकेपणाच्या या हव्यासातून एक गैरप्रकारही जन्मला. लाकडी बॅटच्या टोकाला भोक पाडून त्यात बूच भरायचे आणि वरून ते बुजवायचे. ३ जून २००३ रोजी शिकागो कब्जच्या सॅमी सोसाची बॅट खेळताना मोडली, आतले बूच बाहेर दिसले आणि त्याच्यावर निलंबनाची कारवाई झाली. नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बॅटी प्रयोगशाळेत तपासल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडला: बूच भरल्याने बॅट थोडी वेगात फिरते, पण धडक तितकीच दुबळी होते आणि चेंडू अधिक लांब जात नाही. फार तर वेळ साधणे थोडे सोपे होत असेल. बदनामी पत्करावी असा लाभ त्यात कधीच नव्हता.

नियमात बसणारा ताजा उपाय म्हणजे ‘टॉर्पेडो’ बॅट. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या ॲरन लीनहार्ट यांच्या कल्पनेतून ती आकाराला आली. टोकाकडचे लाकूड कमी करून ते मुठीच्या दिशेने थोडे आत, जिथे खेळाडूचा चेंडू बहुतेक वेळा बसतो तिथे आणलेले असते. बॅटची जाडी टोकाऐवजी आत असल्यामुळे तिचे स्विंग वेट घटते. २९ मार्च २०२५ रोजी यँकीजने मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्ध एका सामन्यात नऊ होमरन मारले, त्यांपैकी काही खेळाडूंच्या हातात ही बॅट होती, आणि एका रात्रीत तिचे नाव सर्वतोमुखी झाले. ती प्रत्येकाला मानवेल असे नाही. ज्याचा चेंडू टोकाजवळ बसतो, त्याला तिचा तोटाच होईल.

धातूच्या आणि कॉम्पोझिट बॅटींचा मामला वेगळा आहे. पोकळ असल्यामुळे त्यांचे वजन मुठीकडे राखता येते, म्हणून त्या वेगात फिरतात. शिवाय चेंडू आदळताच त्यांची भिंत आत दबून परत उसळते आणि चेंडूला जोर देते. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये धातूच्या बॅटी १९७४ पासून आल्या. पुढे फटके इतके जोरदार झाले की पिचरांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला, आणि २०११ पासून कॉलेजांत उसळीवर मर्यादा घालणारे नवे मानक लागू झाले. याच स्तरावर बॅटचे वजन औंसांत, तिच्या इंचांतल्या लांबीपेक्षा तीनहून अधिक कमी असता कामा नये, असाही नियम आहे. ३३ इंची बॅट त्यामुळे किमान ३० औंसांची असते. सॉफ्टबॉलच्या बॅटी अधिक सडपातळ आणि हलक्या असतात. त्यांची कमाल लांबी ३४ इंच आणि व्यास सव्वादोन इंच.

बॅट निवडल्यावर प्रश्न येतो सरावाचा, आणि सरावाआधीच्या अंग मोकळे करण्याचा. इथे एक जुनी सवय ठाण मांडून बसली आहे. पाळीची वाट पाहणारा बॅटर बॅटवर लोखंडी कडे चढवतो आणि जड झालेली बॅट चार-सहा वेळा फिरवतो. या कड्याला ‘डोनट’ म्हणतात. १९६० च्या दशकात यँकीजचा कॅचर एल्स्टन हॉवर्ड याने त्याचा प्रसार केला. कडे काढल्यावर बॅट पिसासारखी हलकी लागते आणि आता ती झपकन फिरेल अशी खात्री वाटते. जपानमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये हीच खात्री तपासली. वजन काढल्यानंतरच्या पहिल्या स्विंगला खेळाडूंना बॅट हलकी आणि वेगवान वाटत होती. प्रत्यक्षात तिचा वेग सुमारे तीन टक्क्यांनी घटलेला होता. हवाई विद्यापीठातल्या कूप डेरेन यांनी त्याआधी १९९२ मध्ये वेगवेगळ्या वजनांची तुलना केली होती. नेहमीच्या बॅटच्या आसपासच्या वजनाने अंग मोकळे करणे सर्वात चांगले ठरले, आणि डोनट लावलेली जड बॅट सर्वात वाईट पर्यायांत निघाली.

अंगाला जे वाटते आणि जे घडते त्यांत असा फरक पडत असेल, तर वाटण्यावर विसंबून सराव करण्यात अर्थ नाही. म्हणूनच बॅटच्या मुठीखाली बसवायचे छोटे सेन्सर अमेरिकेत शाळकरी खेळाडूंपर्यंत पोहोचले आहेत. ते महाग असतात, पण साध्या मोबाइल फोननेही बरेच काम भागते. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या चित्रणात बॅट हलू लागल्यापासून चेंडूला भिडेपर्यंतची चित्रे मोजावीत. १५ शतांश सेकंदाची ३६ चित्रे होतात. आठवड्यागणिक तो आकडा वहीत टिपला, तर बॅट चेंडूपर्यंत लवकर पोहोचते आहे की नाही ते कळते. स्टँडवर चेंडू ठेवून मारलेल्या फटक्यांची लांबी पावलांनी मोजली, तर जोराचाही अंदाज येतो.

वेग वाढवण्याचे जे मार्ग प्रयोगांतून पुढे आले, त्यांत पहिला जड आणि हलक्या बॅटींचा. डोनटने पाळीपूर्वी अंग मोकळे करणे आणि आठवडेच्या आठवडे वेगवेगळ्या वजनांच्या बॅटींनी सराव करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होऊ नये. डेरेन यांच्या १९९५ च्या अभ्यासात कॉलेजच्या खेळाडूंनी बारा आठवडे नेहमीच्या ३० औंसांच्या बॅटबरोबर तिच्याहून थोड्या जड आणि थोड्या हलक्या बॅटी फिरवल्या. फक्त नेहमीची बॅट वापरणाऱ्यांपेक्षा त्यांचा वेग स्पष्टपणे जास्त वाढला, आणि ज्यांनी हवेत बॅट फिरवण्याऐवजी खरे चेंडू मारले त्यांचा सर्वाधिक. जड बॅट जोर वाढवते, हलकी बॅट शरीराला एरवी न गाठलेल्या वेगाची ओळख करून देते. मात्र सर्वात जड बॅटही ३४ औंसांचीच होती, म्हणजे फरक फार तर चार औंसांचा, साधारण ११३ ग्रॅमचा. काठीला वीट बांधून फिरवण्याचा हा प्रकार नव्हे. तसे केले तर शरीर जड वस्तू ढकलायला शिकते आणि आसुडाचा क्रम मोडतो.

दुसरा मार्ग पिळाच्या ताकदीचा. डेव्हिड शिमान्स्की यांनी २००७ मध्ये माध्यमिक शाळांतल्या खेळाडूंचे दोन गट केले. दोन्ही गटांनी बारा आठवडे वजनाचे व्यायाम आणि बॅटचा सराव केला. एका गटाने त्यावर मेडिसिन बॉल, म्हणजे जड भरीव चेंडू, कंबर फिरवून जोरात फेकण्याचा व्यायाम केला. वेग दोघांचाही वाढला, पण चेंडू फेकणाऱ्यांचा अधिक. याच संशोधकांनी दुसऱ्या अभ्यासात मनगट आणि पुढच्या हाताच्या व्यायामाची भर घातली होती. पकड आणि मनगटाची ताकद वाढली, बॅटचा वेग मात्र इतरांपेक्षा जास्त वाढला नाही. वर आसुडाबद्दल जे सांगितले, त्याला हा निकाल तंतोतंत जुळतो. बैठका, पाठीचे आणि मांड्यांचे व्यायाम, उड्या आणि कंबर फिरवून जड चेंडू फेकणे यांवर दिलेला वेळ मनगटासाठी डंबेल्स उचलण्यापेक्षा कितीतरी सत्कारणी लागतो.

तिसरी गोष्ट व्यायाम नव्हे, वृत्ती आहे. वेग वाढवायचा असेल तेव्हा प्रत्येक स्विंग पूर्ण जोराने झाला पाहिजे. दोनशे वेळा आरामात बॅट फिरवली तर शरीर आराम शिकते. पंधरा-वीस पूर्ण जोराचे स्विंग, प्रत्येकाआधी पुरेसा श्वास, आणि वेग उतरू लागताच थांबणे हे त्याहून चांगले. थकलेल्या शरीरात क्रम बिघडतो आणि कंबरेचे काम पाठ उचलायला लागते. पोटाच्या कडेचे स्नायू फाटणे आणि कंबरदुखी या बॅटरांच्या नेहमीच्या दुखापती आहेत. तळहातातल्या एका छोट्या आकड्यासारख्या हाडाला बॅटच्या मुठीचा टोला बसून ते मोडण्याचे प्रकारही घडतात. करंगळीच्या बाजूचा तळहात सतत दुखत असेल तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवणे शहाणपणाचे.

वेग मिळाला म्हणून सगळे मिळाले असे मात्र नव्हे. लुईस अराएझ या व्हेनेझुएलाच्या खेळाडूच्या बॅटचा सरासरी वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मेजर लीगमध्ये जवळजवळ तळाला आहे. तरीही २०२२ मध्ये मिनेसोटा, २०२३ मध्ये मायामी आणि २०२४ मध्ये सॅन डिएगो अशा तीन वेगवेगळ्या संघांकडून सलग तीन हंगाम त्याने आपल्या लीगमधली सर्वोच्च फलंदाजी सरासरी नोंदवली. त्याचा स्विंग अतिशय आखूड आहे आणि चेंडू बॅटच्या नेमक्या जागी बसवण्यात त्याचा हातखंडा आहे. दोन स्ट्राइक झाल्यावर, म्हणजे आणखी एक झाला की बाद अशी वेळ आल्यावर, बहुतेक बॅटर आपला वेग मुद्दाम थोडा उतरवतात, हेही आकड्यांत दिसते. वेग हे बॅटरचे भांडवल आहे, ते कधी आणि किती वापरायचे हा त्याचा निर्णय. चेंडूला स्पर्शच न करणाऱ्या वेगवान बॅटचा कोणाला उपयोग नाही.

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल गावोगावच्या मैदानांवर पोहोचले आहेत. अनेक शाळांत दोन-तीन बॅटी सगळ्या संघाला पुरवाव्या लागतात, आणि बारा वर्षांची मुलगीही तीच बॅट घेऊन उभी राहते जी दहावीचा दांडगा मुलगा वापरतो. जड बॅट ओढताना तिचे हात शरीरापासून लांब जातात, खांदे कंबरेबरोबरच फिरतात आणि चुकीचा क्रम अंगवळणी पडतो. पुढे तो मोडायला वर्षे लागतात. म्हणून शाळेसाठी पुढची बॅट घ्यायची असेल तेव्हा ती हलकीच घ्यावी. निवडीची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे: मुलाने बॅट मुठीच्या टोकाला एका हाताने धरून खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ धरावी आणि वीस ते तीस सेकंद तशीच ठेवावी. त्याआधी हात थरथरून खाली आला, तर ती बॅट त्या मुलासाठी जड आहे.